असं का होतं? : नवं कुणाकडून कळतं
टोकावड्याच्या एसटी थांब्यावर ऐकलेली गोष्ट अनेकदा घरी कुणालाच ठाऊक नसते. घरची माणसं रोज भेटतात, म्हणून त्यांच्यात तीच माहिती फिरत राहते. नवं येतं ते क्वचित भेटणाऱ्याकडून. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हे मांडलं. मुरबाड एमआयडीसीतल्या मॅनेजरचंही तेच. आपल्याच खात्यात चहा पिणाऱ्यापेक्षा स्टोअर, मेंटेनन्स, ट्रकवाल्यांशी बोलणाऱ्याला जास्त सुचतं.

पण कळणं वेगळं, करणं वेगळं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र घ्या: चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर लोखंडी साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं. बातमी परका आणेल. वर्षाचं पीक पणाला लावण्याआधी मात्र शेजारच्या बांधावर वाकून कोंब स्वतः पाहावे लागतात.