औषध विरते ते वाफशात

घनसावंगी परिसरात कपाशीवर किंवा मोसंबीवर फवारलेल्या औषधाचा बराच अंश शेवटी काळ्या रानात उतरतो, आणि तिथे ते मोडून काढण्याचे मोठे काम मातीतले जिवाणू करतात. क्लोरपायरीफॉस मातीत निम्मे व्हायला साधारण दोन ते चार महिने लागतात असे सांगितले जाते. प्रत्यक्षात मात्र कुठे दोन आठवडे पुरतात, तर कुठे वर्षही कमी पडते. रेणू तोच असतो. फरक पडतो तो ओल, ऊब, हवा आणि सेंद्रिय कर्ब यांमुळे. म्हणून औषध किती टिकेल, हे डब्यापेक्षा रानच अधिक ठरवते.

जिवाणू काम करतात म्हणजे काय, हे 1973 साली सेतुनाथन आणि योशिदा यांनी फिलिपिन्समध्ये दाखवले. डायझिनॉन वापरलेल्या भातखाचरातून त्यांनी वेगळा केलेला जिवाणू या औषधाचा रेणू नेमक्या जोडावर तोडून त्याचे तुकडे करत होता. ही तोड जिवाणूचे विकर (एन्झाइम) करते, आणि असे विकर पाण्याशिवाय चालत नाही. वाफशावरच्या मातीत पाणी आणि हवा दोन्ही असतात. 25 ते 35 अंशांची ऊब मिळाली की कामाला वेग येतो. मराठवाड्यात हा योग मुख्यतः पावसाळ्यात जुळतो. उन्हाळ्यात कोरडवाहू रान भेगाळते आणि जिवाणू निपचित पडतात.

‘चाळीस अंशांच्या उन्हात औषध जळूनच जाते’ असे कुणी म्हणेल. पण ऊन पोचते ते वरच्या पातळ थरापर्यंत. खाली ओलीशिवाय गती नाही. मग पाणी तुंबवावे का? लिंडेनसारखी काही क्लोरीनयुक्त औषधे हवा नसलेल्या चिखलात लवकर मोडतात हे खरे, पण इतर अनेकांना प्राणवायू लागतो. शिवाय मोडणे म्हणजे निर्विष होणे नव्हे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेल्या एंडोसल्फानपासून मातीत एंडोसल्फान सल्फेट तयार होते. तेही विषारीच, वर जास्त चिवट.

मग बाटलीतले जिवाणू विकत आणून सोडले तर? प्रयोगशाळेत पोसलेले जिवाणू उपाशी, कोरड्या रानात स्थानिकांपुढे सहसा टिकत नाहीत. शेणखत आणि आच्छादन स्थानिक जिवाणूंनाच खाद्य व ओल पुरवतात. सेंद्रिय पदार्थ औषधाला धरून ठेवतात आणि त्यामुळे ते जिवाणूंच्या हाती उशिरा लागते, हा आक्षेप रास्त आहे. पण धरलेले औषध विहिरीच्या पाण्यात झिरपण्याचा धोकाही कमी होतो. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. हंगामाच्या शेवटी, रान सुकायच्या बेतात असताना केलेली आळवणी सर्वांत जोखमीची; तिचा हिशेब पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबू शकतो.