भाच्याचा जामीनदार

अकोल्याहून बहिणीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत नुकताच पूजेला बसलो होतो. "दादा, पोराले सहा महिन्यांची सजा झाली!" एवढे बोलून ती रडूच लागली. गोष्ट 2017 ची. भाचा 19 वर्षांचा. मित्रांच्या नादाने दुकानातला मोबाइल उचलला, पकडला गेला आणि कोर्टात सरळ कबूल झाला.

बडनेऱ्याला गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात एकच विचार, लोक काय म्हणतील? (माणूस आधी स्वतःच्या अब्रूला भितो, हे खोटे कशाला सांगू?)

वकीलसाहेब म्हणाले, "चोरी नाकारायची नाही. अपील फक्त शिक्षेपुरते. मुदत 30 दिवस." 1958 च्या प्रोबेशनच्या कायद्याप्रमाणे 21 वर्षांखालच्या मुलाला अशा गुन्ह्यात तुरुंगात धाडण्यापूर्वी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, पाठवायचेच, तर कारणे लिहावी लागतात. इथे अहवालच नव्हता.

सेशन्स कोर्टाने तो मागवला. अधिकारी घरी आले, चहाला नाही म्हणाले. मुलगा रात्री किती वाजता येतो? पगार आईच्या हाती देतो का? शेजाऱ्यांनाही विचारले. बहिणीला ते फार लागले. मला मात्र वाटले, एवढी चौकशी आम्ही आधी केली असती तर!

2019 मध्ये निकाल लागला. दोष कायम, तुरुंग टळला. वर्षभर चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र आणि जामीनदार मी. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा समोर उभी. "अहो, उद्या त्याने पुन्हा काही केले तर?" सौभाग्यवतींनी विचारले. उत्तर नव्हते. सही केली.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आणखी एक वाट आहे. 5,000 रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा. मला हे पटते. पण किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे संहिता सांगत नाही, आणि देखरेखीवाचून असली सेवा म्हणजे नुसती हजेरी!

त्या वर्षी दिवाळीला भाचा आमच्याकडे आला. आमच्या घरी मामा भाच्याच्या पाया पडतो. मी वाकलो, तसे त्याने पाय मागे घेतले.

"राहू द्या मामा. बंधपत्राचे अजून चार महिने आहेत."