रेषांचे दान

नाताळ जवळ आला की अमेरिकेतील कित्येक हौशी कारागिरांच्या घरी स्क्रोल सॉची करकर सुरू होते. बारीक पाते वरखाली चालवणारी ही करवत. सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर नक्षीचा कागद चिकटवायचा, छिद्र पाडून त्यातून पाते ओवायचे, आधी आतली जाळी कोरायची, शेवटी बाहेरची कड. मग चांदणी, देवदूत, हिमकण नाताळवृक्षावर झुलू लागतात.

काही जण हे नग विकून येणारा पैसा धर्मादाय कार्यास देतात. काही जण नवी नक्षी रेखून तीच देऊन टाकतात. नक्षीलाही मोल येते. ते सोडणे सोपे नव्हे. आम्हांला हे दान विद्यादानाच्या जातीचे वाटते. नग एका घरी जातो. नक्षी शंभर हातांनी कोरली जाते आणि रेखणाऱ्याजवळही उरते.

मात्र वाचकहो, तिच्यात प्रत्येक पोकळीजवळ लाकडाचा जोड राखावा लागतो. तो चुकला तर मधला भाग गळून पडतो. कोरणारा अनोळखी, घेणाराही अनोळखी. म्हणून देणाऱ्यानेच जोड आधी विचारपूर्वक राखायचा. दानाचे सारे मर्म आम्हांला येथेच दिसते.