पेढीचा हिशोब आणि विद्यापीठातील शास्त्र

बारावीचे निकाल लागले की आपल्या व्यापारी कुटुंबांतून एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मुलाने वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पेढीवर बसावे, की अभियांत्रिकीकडे वळावे? अभियांत्रिकीकडे गेला तर तो दूर कोठे नोकरी धरील आणि तीन पिढ्यांची पेढी वडिलांबरोबरच बंद होईल, अशी धास्ती अनेक घरांत असते. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न पुष्कळदा विचारलाही जात नाही. म्हणून अभियांत्रिकीच्या ज्या एका शाखेचा आपल्या व्यवसायाशी अगदी निकटचा संबंध आहे, तिची ओळख सभासद बंधुभगिनींस करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

या शाखेचे नाव ‘इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स इंजिनिअरिंग’. आपण तिला औद्योगिक व प्रणाली अभियांत्रिकी म्हणू. नावावरून धूर ओकणारे कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु या शाखेचा विद्यार्थी यंत्र कसे बनवावे हे मुख्यतः शिकत नाही. माल, माणसे, यंत्रे, पैसा आणि वेळ ही सर्व एकत्र नांदतात, तेव्हा त्यांची सांगड कशी घालावी, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. ही सांगड कारखान्यात असते, तशीच इस्पितळात असते, बंदरात असते आणि आपल्या वखारीतही असते.

या शास्त्राचा उगम अमेरिकेतील कारखान्यांत झाला. फ्रेडरिक टेलर यांनी हाती घड्याळ घेऊन कामाचा प्रत्येक टप्पा मोजला आणि १९११ मध्ये आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. फ्रँक गिलब्रेथ हे मूळचे गवंडीकामातले. एक वीट रचण्यासाठी गवंडी १८ हालचाली करतो, असे त्यांनी निरीक्षणाने ठरविले. विटा गवंड्याच्या हाताशी येतील अशी परांची त्यांनी योजिली आणि त्या हालचाली सुमारे ५ वर आणल्या. त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ यांनी पतीच्या निधनानंतर हे कार्य पुढे नेले आणि १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. पेनसिल्व्हेनिया स्टेट येथे १९०९ मध्येच या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला होता. आज जॉर्जिया टेकसारख्या संस्थांत या शाखेचे मोठे विद्यालय आहे.

व्यापाऱ्यास यात काय मिळते, ते एका हिशोबाने स्पष्ट होईल. माल एका वेळी किती मागवावा, हा आपला रोजचा प्रश्न. फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ मध्ये त्याचे सूत्र प्रसिद्ध केले. समजा, एका पेढीवर वर्षाला २,४०० पोती खपतात. प्रत्येक खेपेस ट्रकभाडे वगैरे मिळून ३,००० रुपये पडतात, मग पोती कितीही असोत. एक पोते वर्षभर वखारीत राहिले तर व्याज, भाडे व घट धरून ३६० रुपये लागतात. एका वेळी ६०० पोती मागविल्यास चार खेपांचे १२,००० रुपये होतात. परंतु वखारीत सरासरी ३०० पोती पडून राहतात व त्यांचे १,०८,००० रुपये होतात. एकूण १,२०,०००. उलट ५० पोती मागविल्यास ४८ खेपा होतात आणि एकूण खर्च १,५३,००० रुपयांवर जातो. सूत्राप्रमाणे २०० पोती मागविली, तर खेपांचे ३६,००० व साठ्याचे ३६,००० असे ७२,००० रुपयांत भागते. मालाची किंमत तीच, गिऱ्हाईक तेच. केवळ मागणीचा आकडा बदलल्याने हा फरक पडतो.

यावर आमचे जुने व्यापारी म्हणतील, “हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे.” ते खरेच आहे, आणि शास्त्रही त्या अनुभवास मान देते. वरील उदाहरणात २०० ऐवजी २५० पोती मागविली, तरी खर्च केवळ १,८०० रुपयांनी वाढतो. म्हणजे अनुभवी माणसाचा अंदाज थोडा चुकला तरी नुकसान अल्प होते. पण वडिलांनी पूर्वी बांधलेला आकडा व्याज व भाडे दुप्पट झाल्यावरही तसाच चालू ठेवला, तर मात्र तोटा मुकाट्याने वाढत जातो. हे सूत्र मागणी एकसारखी राहते असे धरून चालते, हेही ध्यानात ठेवावे. हंगामी धान्य, चढते-उतरते भाव यांसाठी ते अपुरे आहे. अनिश्चित मागणीचा विचार कसा करावा, हेच विद्यार्थ्यास पुढील वर्षांत संभाव्यताशास्त्राच्या आधारे शिकविले जाते.

दुसरे उदाहरण रांगेचे. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीसाठी काम करताना ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये या विषयाचा पाया घातला. काट्यावरचा माणूस तासाला सरासरी १० गिऱ्हाइके मोकळी करू शकतो, असे समजा. गिऱ्हाइके अनियमित येतात आणि प्रत्येकाच्या कामास कमीअधिक वेळ लागतो. तासाला सरासरी ८ जण आले, तर आल्यापासून माल मिळेपर्यंत एकास सरासरी अर्धा तास लागतो. ९ जण येऊ लागले की तोच वेळ एक तास होतो! केवळ एक गिऱ्हाईक वाढले आणि तिष्ठणे दुप्पट झाले. ८ गिऱ्हाइके असताना काट्यावरचा माणूस पाचातला एक भाग वेळ रिकामा दिसतो, आणि मालकास वाटते की पगार फुकट जात आहे. वस्तुतः त्या रिकाम्या वेळामुळेच रांग आटोक्यात राहते.

आपल्या देशात या शिक्षणाची सोय चांगली आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या खरगपूरच्या आय. आय. टी. मध्ये या शाखेचा स्वतंत्र विभाग असून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्येही औद्योगिक अभियांत्रिकी व ऑपरेशन्स रिसर्च हे विषय शिकविले जातात. पवईच्या परिसरात १९६३ मध्ये ‘निटी’ ही संस्था याच शास्त्रासाठी स्थापन झाली. २०२३ मध्ये तिचे आय. आय. एम. मुंबई असे रूपांतर झाले. संख्याशास्त्र, साठ्याचे नियोजन, मालाची गुणवत्ता, जागेची मांडणी, संगणकावर व्यवहाराचे अनुकरण करून पाहणे, आणि माणसाच्या शरीरास झेपेल असे काम आखणे, हे विषय सर्वसाधारणपणे शिकावे लागतात. गणिताची आवड नसलेल्या मुलास या शाखेत केवळ आग्रहाने घालू नये, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

या शास्त्रास एक काळी बाजूही आहे. १९११ मध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात घड्याळ लावून काम मोजू लागताच ओतारी कामगार काम सोडून बाहेर पडले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, टेलर यांची साक्ष झाली आणि १९१५ मध्ये सरकारी शस्त्रागारांत अशा मोजणीस कायद्याने बंदी आली. मोजणाऱ्याने माणसास यंत्राचा भाग मानले की असे होते. पुढील अभ्यासकांनी यातून बोध घेतला. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलावयाचा भार २३ किलो धरला आहे. आपल्या वखारीतले नेहमीचे पोते ५० किलोंचे असते! हमालाची पाठ चाळिशीतच का वाकते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ढकलगाडी, कमरेइतक्या उंचीचा ओटा, दाराजवळ ठेवलेला जास्त खपाचा माल, हे उपाय फार खर्चाचे नाहीत. गिलब्रेथ यांच्या परांचीत जी दृष्टी होती, तीच यात आहे.

तेव्हा आपल्या मुलामुलींनी ही शाखा निवडल्यास ती पेढीपासून दुरावली, असे समजू नये. परंतु घराकडूनही एक गोष्ट झाली पाहिजे. सुटीत घरी आलेल्या विद्यार्थ्यास बिलांच्या नोंदी, खतावण्या व वखारीच्या किल्ल्या मोकळ्या मनाने द्याव्यात. त्याने “असे का?” म्हणून विचारले, तर “आमच्या वडिलांपासून असेच आहे” एवढेच उत्तर देऊन त्यास गप्प करू नये. विद्यार्थ्यानेही मुनीमजी व हमाल यांच्याजवळ बसून त्यांचे ऐकावे. त्यांना ठाऊक असलेले पुष्कळसे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. अशी देवाणघेवाण ज्या घरात होईल, तेथील मुले शिकून परत येण्याचा संभव अधिक आहे, असे आम्हांस वाटते. येत्या प्रवेशाच्या वेळी सभासदांनी यादीतील हे नाव वगळण्यापूर्वी घरी सर्वांनी मिळून त्याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.