घरातून सूर्यग्रहण : निरीक्षण आणि छायाचित्रण

चंद्राने सूर्यबिंबाचा काही भागच झाकला, तर त्या ग्रहणास खंडग्रास म्हणतात. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्रातून दिसलेल्या अशा ग्रहणात सूर्य ग्रासलेल्या अवस्थेतच मावळला, म्हणजे ते ‘ग्रस्तास्त’ ठरले, आणि पश्चिमेकडे मोकळे आकाश असलेल्या गच्चीतूनही ते पाहता आले.

मात्र डोळ्याच्या दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने सूर्याकडे थेट पाहून झालेली इजा उशिरा लक्षात येते. म्हणून साधा गॉगल, एक्स-रे फिल्म किंवा काजळी धरलेली काच न वापरता ‘आयएसओ १२३१२-२’ मानकाचे, ओरखडा नसलेले ग्रहणचष्मेच वापरावेत.

सर्वांत निर्धोक मार्ग सूचिछिद्राचा आहे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून, सूर्याकडे पाठ करून, त्यातून येणारा प्रकाश १ मीटरवरील पांढऱ्या कागदावर घेतला, की सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची सूर्यप्रतिमा उमटते आणि तिचे छायाचित्र मोबाइलनेही सहज घेता येते. झाडाच्या पानांमधील फटीही हेच कार्य करतात, त्यामुळे अंगणात असंख्य चंद्रकोरी पसरलेल्या दिसतात.

कॅमेऱ्याने थेट सूर्य टिपताना प्रकाश एक लाखांश करणारा सौर फिल्टर भिंगाच्या पुढेच बसवावा, कारण भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने मागचा फिल्टर तडकू शकतो. ५०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या, म्हणजे दूरचे दृश्य मोठे करणाऱ्या, भिंगातून सेन्सरवर जेमतेम साडेचार मिलिमीटरची प्रतिमा पडत असल्याने तिपाई आवश्यक ठरते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. पावसाळी ढगांची शक्यता असली, तरी पूर्वतयारी अवश्य करावी.