कडेनं दिसणारा देवमासा

लेकरांनो, उन्हाळ्यात माळवदावर झोपायला आलात की आधी उत्तरेकडं तोंड करा. सप्तर्षी सापडले? वसिष्ठ-अरुंधतीच्या पुढचा, टोकाचा तो मरीची. तिथून थेट डोक्याच्या दिशेनं वर सरका. श्यामशबल तारकासमूहाचा हा भाग रिकामा वाटतो, पण वैशाखात रात्री दहाच्या सुमाराला, नांदेड-लातूरच्या जवळजवळ माथ्यावर, तिथं एक देवमासा असतो. त्याला बघायला दुर्बीण हवी.

विल्यम हर्शेलनं तो १७८७ साली पाहिला. आज त्याला एनजीसी ४६३१ म्हणतात. ही आपल्या आकाशगंगेसारखीच सर्पिल दीर्घिका आहे. मग वळसे कुठं गेले? ज्वारीची भाकरी ताटात गोल दिसते, तीच डोळ्यांसमोर कडेनं धरा, नुसती रेघ उरते. मला मात्र अशा कडेनं दिसणाऱ्या दीर्घिकाच जास्त आवडतात. तबकडी किती पातळ आहे, तिच्या वर-खाली काय पसरलंय, ते इथंच कळतं. चंद्रा नावाच्या दुर्बिणीनं क्ष-किरणांत पाहिलं, तर देवमाशाभोवती तापलेल्या वायूचं भलंमोठं आवरण सापडलं. आत मोठे तारे भराभर जन्मतात, फुटतात आणि वायू बाहेर फेकतात.

आता त्याच्या पाठीशी बघा, एक पुसट ठिपका. ती एनजीसी ४६२७, त्याची बटू सोबतीण. शेजारी आणखी एक मोठी दीर्घिका आहे. या सगळ्यांच्या ओढाताणीत देवमासा वाकडा झालाय आणि त्याच्यातल्या हायड्रोजनचे लांब पट्टे बाहेर खेचले गेलेत.

हा प्रकाश तिथून निघून अडीच ते तीन कोटी वर्षं झाली. तो निघाला तेव्हा लातूरच्या काळ्या मातीखालचा लाव्हा थिजूनच तीन कोटींहून जास्त वर्षं उलटली होती!

आपल्या आकाशगंगेलाही असे धाकटे सोबती आहेत. रात्री दिसतो तो पांढुरका पट्टा म्हणजे आपलीच तबकडी, आतून कडेनं पाहिलेली. तिचे सोबती म्हणजे मॅगेलनचे दोन मेघ. थोरला १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे. १९८७ च्या फेब्रुवारीत त्यातला एक तारा फुटलेला दिसला, तोही नुसत्या डोळ्यांनी. पण लातुरातून हा मेघ क्षितिजाच्या जेमतेम दोन अंश वर येतो आणि धुळीत हरवतो. नांदेडला त्याहूनही खाली. धाकटा तर इथं उगवतच नाही. कधी जानेवारीत कन्याकुमारीला गेलात, तर रात्री दहाला समुद्राकडं, दक्षिणेला बघा. तिथं थोरला बारा अंशांवर असतो.