स्क्रीन रीडर बोलू दे, रेकॉर्डिंगमध्ये यायला नको

आजचा विषय तांत्रिक आहे, पण सुरुवात माझ्या आत्यापासून करतो.

आत्या सोलापूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती ड्यूटीवर होती. तिची मुलाखत घ्यायचं कधीपासून डोक्यात होतं. शेवटी एका रविवारी ब्राउझरमधून कॉल लावला, लॅपटॉपवर ऑडॅसिटी सुरू केलं आणि ती पन्नास मिनिटं बोलली. मध्ये एका ठिकाणी थांबली, आणि मग हळू आवाजात एक वाक्य बोलली. रात्री रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं, तर बरोबर त्या वाक्यावर, सुपरफास्ट इंग्रजीत: "बॅटरी लो."

मला दिसत नाही, त्यामुळे माझा लॅपटॉप दिवसभर माझ्याशी बोलत असतो. मी एनव्हीडीए वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट आहे. इतक्या वर्षांत माझा कान तो आवाज आपोआप गाळून ऐकायला शिकलाय. मुलाखत चालू असतानाही "बॅटरी लो" मला ऐकू आलं असणारच, पण लक्षातच आलं नाही. रेकॉर्डरला असा कान नसतो. चूक माझीच होती.

"मग तो आवाज एडिट करून काढ ना," असं चार मित्रांनी सांगितलं. नाही निघत हो. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक प्रोग्राम आपापला आवाज विंडोजकडे देतो आणि विंडोज त्या सगळ्यांची बेरीज करून एकच आवाज हेडफोनला पाठवतं. ऑडॅसिटीमध्ये 'विंडोज वासापी' निवडून, नावापुढे 'लूपबॅक' लिहिलेलं डिव्हाइस घेतलं, की आपण ती बेरीज रेकॉर्ड करत असतो. वरणभात एकदा कालवला की वरण वेगळं काढता येत नाही, तसं आहे हे. जे काही करायचं ते कालवायच्या आधी.

दुसरा सल्ला: "रेकॉर्डिंगपुरता स्क्रीन रीडर बंद ठेव." एनव्हीडीए की आणि एस दाबत गेलं की बोलणं बंद होतं, हे खरं. पण मग रेकॉर्डिंग चालू आहे की थांबलं, कॉल कटला की समोरचा नुसता गप्प आहे, हे मला कसं कळणार? तुम्हाला कोणी म्हणालं की रेकॉर्डिंग संपेपर्यंत मॉनिटर बंद ठेवा, तर ठेवाल?

तर मग आवाजांचे रस्तेच वेगळे करायचे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोनशे-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड, ज्याला दुकानात डोंगल म्हणतात. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि यू दाबलं की एनव्हीडीएचं ऑडिओ सेटिंग उघडतं. तिथे आउटपुट डिव्हाइस म्हणून ते डोंगल निवडायचं. बाकी कॉम्प्युटर नेहमीच्या हेडफोन जॅकवर राहू द्यायचा आणि लूपबॅक त्याच जॅकचा रेकॉर्ड करायचा. मी एका कानात डोंगलचा इयरफोन घालतो, दुसऱ्या कानात लॅपटॉपचा. डावीकडे एनव्हीडीए, उजवीकडे पाहुणे. दिसायला विनोदी दिसत असेल, पण चालतं.

यात दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलोय. डोंगल सैल झालं की एनव्हीडीए मुकाट्याने नेहमीच्या डिव्हाइसवर येतं, म्हणजे परत रेकॉर्डिंगमध्ये. दुसरा खड्डा 'ऑडिओ डकिंग'चा. एनव्हीडीए बोलताना बाकीचे आवाज आपोआप खाली करायची ही सोय आहे. ती चालू राहिली तर एनव्हीडीएचा शब्दही रेकॉर्ड होत नाही, पण पाहुण्यांचा आवाज मधूनच बुडतो आणि वर येतो. एनव्हीडीए, शिफ्ट आणि डी दाबून ती बंद करा. आणखी एक अडचण म्हणजे ऑडॅसिटी एका वेळी एकाच डिव्हाइसवरून रेकॉर्ड करतं. त्यामुळे स्वतःचा आवाज फोनवर वेगळा घ्या आणि मग रात्रभर जुळवत बसा.

डोंगलऐवजी व्हीबी-केबलसारखी व्हर्च्युअल केबलही चालते. विंडोजला ते साउंड कार्डच वाटतं, फक्त ते खरं नसतं. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये ब्राउझरचा आवाज तिकडे वळवायचा आणि रेकॉर्डर तिथूनच घ्यायचा. पण मग पाहुण्यांचा आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. त्यासाठी विंडोजमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस' चालू करावं लागतं. नंतर सगळं पूर्ववत करायला विसरलात, तर दुसऱ्या दिवशी "लॅपटॉपचा आवाज गेला" म्हणून बोंब.

मी आता ओबीएस वापरतो. गेमिंगवाल्यांना नाव माहीत असेलच. २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून त्यात 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' आहे. ब्राउझर निवडला की फक्त ब्राउझरचा आवाज घेतला जातो, आणि तोही बेरजेच्या आधी. एनव्हीडीए वेगळा प्रोग्राम असल्यामुळे तो त्यात येतच नाही. माइक दुसरा सोर्स म्हणून जोडायचा, म्हणजे पाहुणे आणि मी एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या ट्रॅकवर. फक्त सेटिंगमध्ये जाऊन 'डेस्कटॉप ऑडिओ' डिसेबल करा. ते चालू राहिलं तर पुढच्या दाराने हाकललेला एनव्हीडीए मागच्या दाराने आत येतो. आणि स्पीकर नको, इयरफोनच हवा, नाहीतर माइक सगळं ऐकतोच. फाइल व्हिडिओची बनते, आवाज नंतर काढून घ्यावा लागतो. तेवढं मला चालतं.

इथे माझ्यातल्या इंजिनिअरची एक तक्रार. विंडोजच्या ज्या सोयीवर असं रेकॉर्डिंग करता येतं, तिच्यात उलटा पर्यायसुद्धा आहे: अमुक प्रोग्राम सोडून बाकी सगळं द्या. "एनव्हीडीए सोडून सगळं" हे नेमकं आपल्याला हवं असलेलं वाक्य. रेकॉर्डर बनवणाऱ्यांनी ते एका चेकबॉक्समध्ये द्यायला काय हरकत आहे?

आता फोन, कारण तुमच्यातले बरेच जण सगळं फोनवरच करतात. इथे गंमत म्हणजे अँड्रॉइड विंडोजपेक्षा शहाणं निघालं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून एक ॲप दुसऱ्या ॲपचा आवाज रेकॉर्ड करू शकतं, पण फक्त तीन प्रकारचा: मीडिया, गेम, आणि ज्याचा प्रकार सांगितलेलाच नाही असा. टॉकबॅकसारख्या सुलभतेच्या आवाजाला सिस्टीममध्ये वेगळा प्रकार आहे. म्हणून स्क्रीन रेकॉर्डरमध्ये फक्त 'डिव्हाइस ऑडिओ' निवडलं तर टॉकबॅक बाहेर राहायला हवं. 'मायक्रोफोन' निवडलंत, तर स्पीकरमधून येणारं टॉकबॅक हमखास येणार. मात्र कॉलचा आवाज त्या तीन प्रकारांत बसत नाही, त्यामुळे फोनवरच्या मुलाखतीसाठी हा रस्ता बंद.

काहीही वापरा, आधी तीस सेकंदांची टेस्ट करा. रेकॉर्डिंग सुरू करून एनव्हीडीए की आणि एफ १२ दाबा. तो वेळ सांगेल. मग फाइल ऐका. तुमचा कान गाळून ऐकत असेल, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणालाही एकदा ऐकवा. आणि रेकॉर्ड करतोय हे पाहुण्यांना आधी सांगा, ते वेगळं सांगायला नको.

आत्याची मुलाखत मी ओबीएसवर पुन्हा घेतली. आवाज एकदम स्वच्छ आला. त्या वाक्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "ते तर तुला मागेच सांगितलंय," आणि पुढे गेली. म्हणून पुढच्या आठवड्यात येणाऱ्या त्या भागात तेवढा तुकडा जुन्या रेकॉर्डिंगमधलाच आहे, बॅटरीसकट.